पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाचं कुलूप: काय उघडायचं, काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. सीएनजीवर चालणारी आठेक वर्षांची व्हॅन माहीमला रस्त्यावर उघड्यावरच उभी असते. पेट्रोलच्या झाकणात चावी जाते, जेमतेम पाव फिरते आणि अडकते. गॅरेजवाला म्हणतो, पूर्ण लॉकसेट बदलू. नाक्यावरचा चावीवाला म्हणतो, ड्रिल मारून उघडू. ऐकायचं कोणाचं?

सध्या दोघांचंही नको. लॉकसेट म्हणजे इग्निशन, दोन्ही दरवाजे, मागचा दरवाजा आणि टाकी, सगळी कुलपं नवीन. एका अडकलेल्या झाकणासाठी हा खर्च करायचं कारण नाही. ड्रिल हा शेवटचा उपाय, आणि टाकीच्या तोंडावर तो रस्त्यात उभं राहून करण्यासारखा मुळीच नाही. बहुतेक वेळा असं झाकण न फोडता उघडतं आणि नंतर फक्त झाकण किंवा त्यातलं बॅरल (ज्यात चावी जाते तो फिरणारा भाग) बदलून काम भागतं.

सीएनजी गाड्यांत हे दुखणं जास्त का दिसतं, ते आधी बघू. मुंबईत गॅसवर चालणाऱ्या गाडीत पेट्रोल दीड-दोन महिन्यांतून एकदा पडतं, तेही थोडंच. दरवाजाचं कुलूप निदान अधूनमधून फिरतं, टाकीचं मात्र तसंच पडून राहतं. बॅरल जस्ताच्या मिश्रधातूचं ओतलेलं असतं. खाडी आणि समुद्राकडची खारी दमट हवा लागली की त्यावर पांढरी भुकटी धरते. त्यात रस्त्याची धूळ आणि गाडी धुताना मारलेला जेट. आधी कोणी ‘चावी घट्ट जाते’ म्हणून इंजिन ऑइलचे दोन थेंब सोडले असतील, तर त्या तेलात धूळ बसून आत काळी पेस्ट झालेली असते. चावी पाव फिरून अडकते त्याचं कारण बहुतेकदा हेच. कुलूप मोडलेलं नसतं, चिकटलेलं असतं.

आतली रचना कळली की पुढचं सगळं सोपं जातं. झाकणाचे दोन भाग असतात: हाताने धरायचं बाहेरचं प्लास्टिकचं कवच आणि टाकीच्या तोंडात बसणारा आतला गाभा. मधोमध बॅरल. बॅरलमध्ये पितळेच्या पातळ चौकोनी पत्त्या एकामागोमाग बसवलेल्या असतात, प्रत्येकीखाली केसाएवढ्या तारेची स्प्रिंग. योग्य चावी आत गेली की सगळ्या पत्त्या बॅरलच्या पृष्ठभागाशी सपाट होतात आणि बॅरल फिरतं. एक जरी पत्ती अर्धा मिलिमीटर बाहेर राहिली तरी ती बॅरल ज्यात बसतं त्या घराच्या खाचेत अडते. बॅरलच्या शेपटीला एक कॅम, म्हणजे त्याच्याबरोबर फिरणारी छोटी पट्टी, असतो. तो फिरला की कवच आणि गाभा एकमेकांत गुंततात आणि झाकण उघडता येतं. कुलूपबंद असताना बऱ्याच झाकणांचं कवच नुसतं गरगर फिरतं. ते बिघडलेलं नसतं, झाकण पिळून तोडता येऊ नये म्हणून तशी सोय असते.

त्यामुळे बिघाड दोन जातींचे. चावी फिरतच नसेल किंवा मध्येच अडकत असेल तर दोष पत्त्यांत किंवा चावीत. चावी पूर्ण फिरते पण कवच नुसतंच फिरत राहतं, तर कॅम किंवा त्याची पिन तुटली आहे. तुमचा बिघाड पहिल्या जातीचा.

हात लावण्याआधी जागा बघा. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी निघते, मुंबईच्या उन्हात तर बोलायलाच नको. ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, म्हणून वर उडून न जाता जमिनीलगत पसरते. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये हे काम करू नका. उघड्यावर, सावलीत, वारा खेळता असेल तिथे गाडी लावा. इंजिन बंद, आजूबाजूला बिडी-सिगारेट नाही, एक किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक हाताशी. झाकणाला हात लावण्याआधी गाडीच्या उघड्या धातूला एकदा स्पर्श करा, अंगावरची स्थिर वीज तिथे जाते. टाकीत पेट्रोल कमी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सांडण्याची भीती कमी होते एवढंच. रिकाम्या टाकीत वाफ जास्त असते.

आता उघडण्याचं. पहिला उपाय फुकटचा आहे आणि लोक नेमका तोच विसरतात: दुसरी चावी आणा. कपाटात पडलेली स्पेअर चावी झिजलेली नसते. रोजच्या चावीचे दात आठ वर्षांत गोल झालेले असतात. इग्निशनचं कुलूप तिच्याबरोबरच झिजलेलं असतं म्हणून ते चालतं, टाकीचं कुलूप मात्र अजून जवळपास नवंच असतं आणि झिजलेल्या चावीला दाद देत नाही. झिजलेल्या चावीवरून काढलेली डुप्लिकेटही उपयोगाची नाही, तिच्यात तीच झीज उतरते. गाडी घेताना चावीबरोबर नंबर कोरलेला छोटा बिल्ला मिळाला असेल तर तो शोधा. त्या नंबरावरून मूळ मापाची चावी कापून मिळते.

स्पेअर चावीनेही झालं नाही तर डब्ल्यूडी-४० (चिकटलेले भाग सोडवणारा स्प्रे) किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेच्या जोडण्या साफ करायचा स्प्रे), बारीक नळी लावून. चावीच्या फटीत एक-दोन सेकंदच मारा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग चावी फक्त आत-बाहेर करा, वीसेक वेळा, अजिबात न फिरवता. हेच महत्त्वाचं आहे. मोकळ्या व्हायच्या आहेत त्या पत्त्या, आणि त्या हलतात चावीच्या आत-बाहेर जाण्याने, फिरवण्याने नाही. चावीवर काळं किंवा पांढरं येईल, ते दर वेळी फडक्याने पुसा. असं तीन-चार वेळा करा. मग डाव्या तळव्याने झाकण टाकीकडे दाबून धरा आणि उजव्या हाताने चावी हलक्याने डावी-उजवी करा. दाबल्याने चिकटलेल्या रबरचा ताण बॅरलवरून उतरतो, आणि काही झाकणांत तेवढ्यानेच चावी फिरते.

चावी पक्कडीत धरून पिळू नका. बोटांच्या जोरावर जेवढी फिरेल तेवढीच. चावीचं पातं किंचित जरी वळताना दिसलं तरी थांबा. चावी लायटरने तापवून घालायचा उपाय व्हिडिओंमध्ये दिसतो. तो बर्फ पडणाऱ्या देशांतल्या दरवाजाच्या कुलपांसाठी आहे, पेट्रोलच्या टाकीपाशी तो विचारही मनात आणू नका.

चावी आत तुटलीच, तर तुकडा ओढण्याआधी बॅरल सरळ करा. चावी फक्त घालायच्या स्थितीतच बाहेर येते. बॅरल पाव फिरलेलं असताना पत्त्या तिला आत धरून ठेवतात, मग कितीही ओढा. तुकड्याच्या माथ्यावर बारीक स्क्रू ड्रायव्हर टेकवून बॅरल मूळ जागी आणा. मग फ्रेट सॉचं (नक्षीकामाच्या करवतीचं) सर्वांत बारीक पातं, दात बाहेरच्या दिशेला ठेवून, चावीच्या दातांच्या बाजूने सरकवा, किंचित वळवा आणि ओढा. दातात दात अडकून तुकडा येतो. काडीला फेव्हिक्विक लावून तुकडा चिकटवायचा प्रकार करू नका. गोंद पत्त्यांवर पसरला की चांगलं बॅरलही कायमचं गेलं.

दुसऱ्या जातीचा बिघाड, म्हणजे चावी फिरते पण कवच नुसतंच फिरतं, तिथे कवच काढावं लागतं. ते प्रामुख्याने प्लास्टिकच्या खटक्यांवर बसलेलं असतं. दोन चपटे स्क्रू ड्रायव्हर समोरासमोर कडेत घालून हळूहळू उचललं की खटके सुटतात किंवा तुटतात. तुटले तरी हरकत नाही, हे झाकण तसंही टाकाऊच झालं आहे. मग उघडा पडलेला गाभा मोठ्या पक्कडीत धरून डावीकडे फिरवा. गाभा सुटताच टाकीच्या तोंडात स्वच्छ, न झडणाऱ्या सुती फडक्याचा मोठा बोळा बसवा, एक टोक बाहेर लोंबतं ठेवून. प्लास्टिकचे कण आत गेले की टाकीतल्या पंपाच्या जाळीवर बसतात. तोंडाशी कचरा पडलाच तर ओल्या फडक्याने टिपा. घरचा व्हॅक्यूम क्लीनर तिथे लावू नका. तो पेट्रोलची वाफ ओढून थेट मोटरच्या ठिणग्यांवर सोडतो.

एवढं करूनही झाकण हललं नाही तरच ड्रिल. त्याचा नियम एकच: विजेचं ड्रिल नाही. हाताने फिरवायचं किंवा हवेवर चालणारं, कमी वेगात, आधी ३ मिलिमीटर, मग ६ मिलिमीटर, आणि मध्ये मध्ये थांबून थंड करत. हे गॅरेजमध्ये, हे काम आधी केलेल्या माणसाकडून. नाक्यावर बॅटरीचं ड्रिल घेऊन आलेल्याला नम्रपणे परत पाठवा.

झाकण निघालं. आता काय घ्यायचं? पर्याय तीन. बाजारातलं तयार झाकण स्वतःच्या वेगळ्या चावीसह मिळतं. सर्वांत स्वस्त आणि पाच मिनिटांचं काम, फक्त जुडग्यात एक चावी वाढते. दुसरा, कंपनीचं मूळ झाकण घेऊन त्याचं बॅरल तुमच्या चावीला जुळवून घेणं. तिसरा, जुन्याच झाकणाचं बॅरल साफ करून किंवा बदलून तेच परत वापरणं. झाकणाचा बाकी भाग धड असेल तर माझी पसंती तिसऱ्याला, नाहीतर पहिल्याला. चावी एकच हवी हा हट्ट समजण्यासारखा आहे, पण टाकीची वेगळी चावी असण्याचा फायदाही असतो: पंपावर इंजिनची चावी पोराच्या हातात द्यावी लागत नाही. पूर्ण लॉकसेटला अर्थ एकाच परिस्थितीत आहे. जुडगा चोरीला गेला आणि चोराला गाडी माहीत आहे. तेव्हा आधी पोलिसांत तक्रार द्या आणि विम्यात चावी बदलण्याचं जादा कवच घेतलं होतं का ते बघा. लॉकसेट बदलताना चावीतली इमोबिलायझरची चिप नव्या चावीत हलवावी किंवा नव्याने प्रोग्रॅम करावी लागते. कुलूप उघडेल, पण चिप जुळली नाही तर इंजिन लागणार नाही.

झाकण विकत घेताना दुकानदार कुलूप दाखवतो. तुम्ही उलटं करून खालची बाजू बघा. कुलूप हे झाकणाचं दुय्यम काम आहे. पहिलं काम टाकीचं तोंड बंद ठेवणं, आणि दुसरं, टाकीला बेताने श्वास घेऊ देणं. पेट्रोल संपत जातं तशी टाकीत पोकळी तयार होते. ती भरून निघायला झाकणाच्या गाभ्यात एकदिशा व्हॉल्व्ह असतो, बाहेरची हवा आत घेणारा. उलट दिशेला तो बंद राहतो आणि दाब धोक्याइतका वाढला तरच सुटतो. टाकीतली वाफ एरवी नळीने कोळशाच्या कॅनिस्टरकडे (वाफ शोषून घेणाऱ्या डब्याकडे) जाते, बाहेर नाही. हा व्हॉल्व्ह नसलेलं, ठार बंद झाकण बसवलं तर लांबच्या प्रवासात इंजिन गचके खाऊ लागतं, झाकण उघडताच ‘सूंऽ’ करून हवा आत ओढली जाते आणि गाडी परत ठीक चालते. लोक गाडीतला पेट्रोलचा पंप बदलतात, फिल्टर बदलतात, दोष झाकणात असतो. याउलट नुसतं भोक पाडलेलं झाकण बसवलं तर गाडीला कायम पेट्रोलचा वास आणि पावसात टाकीत पाणी. डिझेल गाडीचं झाकण पेट्रोल गाडीला ‘बसतंय ना’ म्हणून लावण्यात हाच घोळ होतो.

व्हॉल्व्ह तपासायला तोंड लावून हवा ओढू नका. पेट्रोलमध्ये बेंझिन असतं. वीस मिलिलिटरची सिरिंज आणि रबरी नळी पुरते. गाभ्याच्या आतल्या बाजूच्या भोकावर नळी घट्ट दाबून सिरिंजचा दट्ट्या ओढा. थोड्या विरोधानंतर हवा यायला हवी. दट्ट्या हलकेच आत ढकलला तर हवा सुटता कामा नये.

मग रबर. कडेचा वायसर चपटा झालेला, तडकलेला किंवा फुगून खाचेबाहेर आलेला असेल तर झाकण कितीही चांगलं असो, उपयोग नाही. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई२० पेट्रोल मिळतं आणि २०२३ च्या आधीच्या गाड्यांमधलं साधं रबर त्याने लवकर फुगतं. मुंबईत हे दुप्पट महत्त्वाचं. इथेनॉल पाणी धरतं. पावसाचं पाणी वायसरमधून झिरपून एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाशी बसतं, जिथून गाडीचा पंप ओढतो. जुलैत अचानक गाडी धक्के देते त्यामागे कधी कधी एवढंच असतं. वायसर व्हायटॉन रबराचा मागा, नायट्राइल रबराचा चालतो पण कमी टिकतो. खाचेचा आतला व्यास आणि रबराची जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजून न्या. नागदेवी स्ट्रीटच्या ओ-रिंगवाल्यांकडे मापावर मिळतो. सिलिकॉन सीलंट लावू नका, पेट्रोलमध्ये ते फुगून सुटतं. एम-सीलचा तर विषयच नको.

झाकण घ्यायला जाताना जुनं झाकण, निदान त्याचा गाभा, बरोबर ठेवा. तोंडाला आटे आहेत की पाव फेऱ्याची खाच आहे हे फोटोवरून ठरवता येत नाही. अधिकृत विक्रेत्याकडे आरसीवरचा चेसिस नंबर पुरतो. एरवी ऑपेरा हाउसकडची स्पेअर पार्ट्सची दुकानं किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड. जुन्या गाडीवरचं उतरवलेलं झाकण घेऊ नका. चार पैसे वाचतील, पण दमलेलं रबर आणि अर्धा चिकटलेला व्हॉल्व्ह घरी येईल.

बॅरल बदलण्याचं काम घरी होऊ शकतं, पण टाकीपासून दूर, टेबलावर. टाकीचं तोंड तेवढ्या वेळापुरतं कपड्याच्या बोळ्याने नव्हे, तात्पुरत्या झाकणाने बंद करा. आधी झाकण धुऊन पूर्ण कोरडं करा. बॅरल मागून सर्क्लिपने (खाचेत बसणाऱ्या गोल क्लिपने), आडव्या पिनने किंवा एका जास्त लांब पत्तीने अडवलेलं असतं. सर्क्लिप असेल तर सर्क्लिप पक्कड. लांब पत्ती असेल तर घराच्या बाजूला एक टाचणीएवढं भोक दिसतं. त्यात टोचणी घालून पत्ती दाबायची आणि चावीसकट बॅरल सरळ ओढायचं. चावीसकट, हे विसरू नका. चावी न घालता बॅरल ओढलं की पत्त्या आणि स्प्रिंगा टेबलभर उडतात. म्हणूनच हे काम पारदर्शक प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत हात घालून करायचं. उडालेली स्प्रिंग पिशवीतच सापडते, लादीच्या सांध्यात शोधावी लागत नाही.

जुनंच बॅरल साफ करायचं असेल तर ते आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पंधरा मिनिटं बुडवून मऊ ब्रशने घासा आणि पूर्ण वाळवा. नव्या बॅरलला तुमची चावी जुळवायची असेल तर चावीची खाच, म्हणजे आडव्या छेदाचा आकार, दोन्हीचा सारखा असायला हवा. तो वेगळा असेल तर पुढे काहीच होत नाही. तो जुळला की चावी घालून बघा, कोणत्या पत्त्या वर राहतात ते दिसतं. पत्त्यांवर बारीक आकडे असतात, ते उंचीचे. दोन्ही बाजूंनी दात असलेल्या चावीच्या बॅरलमध्ये पत्त्या एक वर, एक खाली अशा उलटसुलट असतात. प्रत्येक काढण्याआधी फोटो घ्या आणि जुन्या बॅरलमधली त्याच जागेची पत्ती तिथे बसवा. कानशीने पत्ती घासून सपाट करण्याची पद्धत आहे. तिने चावी फिरते, पण मग दुसऱ्या चाव्याही फिरू लागतात. ते मान्य असेल तर घासा.

बसवताना बॅरलवर तेल नाही, ग्रीस नाही. पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड किंवा बाजारातली ग्रॅफाइट पावडर, चिमूटभर. ग्रॅफाइट कोरडं असतं, धूळ धरत नाही.

झाकण गाडीवर चढवण्याआधी हातातच दहा वेळा उघड-बंद करा, दोन्ही चाव्यांनी. मग गाडीवर. झाकण आवळताना रॅचेटचा कट-कट आवाज दोन-तीन वेळा आला की पुरे, त्यापुढे पिळलं तर रबर चिरडतं. कुलूप लावून चावी काढा आणि झाकण फिरवून बघा, ते मोकळं फिरलं पाहिजे किंवा हललंच नाही पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीजवळ वास येतो का बघा. तीसेक किलोमीटर पेट्रोलवर चालवून झाकण उघडा. हलकासा ‘हिस्’ चालतो, जोराची ओढ असेल तर व्हॉल्व्ह चिकटला आहे.

तुमच्या गाडीला झाकणावर नाही, बाहेरच्या पत्र्याच्या झडपेवर कुलूप असतं तर काम याहून सोपं झालं असतं. झडपेच्या मागे घोड्याच्या नालासारखी क्लिप असते, ती बाजूला सरकवली की कुलूप पुढून निघतं. नवं बसवताना कॅम त्याच दिशेला ठेवायचा आणि मागचा रबरी वायसर विसरायचा नाही. सीटखालच्या खटक्याने उघडणाऱ्या झडपेत कुलूप नसतंच, तिथे केबल गंजलेली किंवा झडपेमागची पाती वाकलेली असते. एकाने खटका ओढून धरायचा, दुसऱ्याने झडपेवर हलकी थाप मारायची, बहुतेक वेळा उघडते.

एवढं झाल्यावर दोन कामं लावून घ्या. टाकीच्या तोंडाभोवतीच्या खळग्यात खाली पाणी जायला छोटं भोक असतं. मे महिन्यात त्यातला चिखल तारेने काढा, नाहीतर पहिल्याच मोठ्या सरीला खळगा भरतो आणि झाकण पाण्यात बुडून राहतं. आणि गॅस भरायच्या रांगेत उभे असाल तेव्हा, पेट्रोल घ्यायचं असो वा नसो, पंधरा दिवसांतून एकदा टाकीच्या कुलपात चावी फिरवून बघा.